साधन आणि पद्धती : मुलाखतींच्या विश्लेषणासाठी आज्ञावली निवडण्याच्या प्रश्नाची चिकित्सा

१

मुलाखतींवर आधारलेल्या प्रबंधांच्या पद्धतिविषयक प्रकरणात अलीकडे एक वाक्य बहुधा आढळते. ते असे की, "प्राप्त सामग्रीचे विश्लेषण अमुक आज्ञावलीच्या साहाय्याने करण्यात आले." वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, परंतु त्यापासून वाचकास काय कळले, असे विचारल्यास समाधानकारक उत्तर मिळत नाही. सुताराने आपल्या खुर्चीविषयी 'ती रंध्याच्या साहाय्याने केली' एवढेच सांगावे, तसा हा प्रकार होय. लाकूड कोणते, सांधे कसे बसविले, भार कोठे पेलला, यांपैकी काहीच त्यावरून समजत नाही. तथापि परीक्षकही पुष्कळदा या वाक्यावर संतुष्ट होतात, आणि विद्यार्थ्यांची अशी समजूत होते की, आज्ञावलीचे नाव घातले म्हणजे पद्धतीचा प्रश्न सुटला.

ज्यास आपण व्यवहारात सॉफ्टवेअर म्हणतो त्या आज्ञावलीची निवड हा म्हणूनच केवळ खरेदीचा प्रश्न नव्हे. "कोणती आज्ञावली घ्यावी?" हा प्रश्न विद्यार्थी पुष्कळदा पहिली मुलाखत घेण्यापूर्वीच विचारतात. आमच्या मते हा प्रश्न शेवटी विचारावयाचा आहे. त्याआधी दोन प्रश्नांचा निर्णय झाला पाहिजे : आपण मुलाखतीत काय वाचणार आहोत, आणि ते कोणत्या भाषेत वाचणार आहोत. हा क्रम उलटला असता काय घडते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

या आज्ञावली कोणत्या गरजेतून जन्मास आल्या हे पाहिले म्हणजे त्यांच्याकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये, हे बरेचसे स्पष्ट होते. संगणकापूर्वीची रीत अशी होती : टंकलिखित मुलाखतीच्या दोन-तीन प्रती काढावयाच्या, समासात खुणा करावयाच्या, नंतर कात्रीने उतारे कापून ते विषयवार पाकिटांत घालावयाचे किंवा कार्डांवर डकवावयाचे. या रीतीत दोन दोष होते. कापलेला उतारा मूळ ठिकाणापासून तुटत असे. आणि एकच उतारा दोन विषयांखाली घालावयाचा झाल्यास त्याची नक्कल करावी लागे. मुलाखतींची संख्या वाढली की पाकिटे वाढत, आणि एखादे वाक्य कोणाचे व कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात आलेले, हे शोधणे दुष्कर होई.

या अडचणीवर ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठात १९८१ साली एक उपाय निघाला. समाजशास्त्रज्ञ लिन रिचर्ड्‌स यांच्या संशोधनासाठी टॉम रिचर्ड्‌स यांनी एक आज्ञावली रचली. 'नडिस्ट' या नावाने ती पुढे प्रसिद्ध झाली, आणि आज सर्वत्र ऐकू येणारी 'एनव्हिव्हो' ही तिचीच वंशज होय. त्याच दशकात अमेरिकेत जॉन सायडेल यांनी 'एथ्नोग्राफ' तयार केली. जर्मनीत उदो कुकार्ट्‌झ यांच्या कामातून आजची 'मॅक्सक्यूडीए' निघाली, तर बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील प्रकल्पातून थॉमस मूर यांची 'ॲटलास-टीआय' निघाली. हे सारे कर्ते स्वतः संशोधक होते, किंवा संशोधकांच्या निकट होते. आणि त्यांनी सोडविलेला मूळ प्रश्न पाकिटे व कात्री यांचा होता. उताऱ्यावर संकेत लावणे, म्हणजे रूढ शब्दात कोडिंग करणे. त्या संकेताखालील सर्व उतारे एकत्र मागविणे. त्यांपैकी कोणत्याही उताऱ्यावरून मूळ मुलाखतीतील जागी परत जाणे. आणि वाचताना सुचलेले विचार टिपणांच्या रूपाने त्या त्या ठिकाणी जोडून ठेवणे, ही कामे या आज्ञावली उत्तम प्रकारे करतात.

परंतु या यादीत 'विश्लेषण' कोठेही नाही. संकेत कोणता असावा, दोन संकेत एक आहेत की भिन्न, एखादे मौन अर्थपूर्ण आहे की नाही, हे वाचकच ठरवितो. संख्याशास्त्रीय आज्ञावलीत सामग्री घातली असता ती निदान एक गणित करून देते. येथे तसे काही होत नाही. "आज्ञावलीने विश्लेषण केले" हा वाक्प्रयोग या दोन प्रकारच्या साधनांची गल्लत केल्यामुळे रूढ झालेला दिसतो.

३

या साधनांवर आक्षेप घेतले गेले नाहीत असे नाही; आणि लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, पहिला विचारपूर्वक आक्षेप एका कर्त्यानेच घेतला. एथ्नोग्राफचे जनक सायडेल यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात तीन धोके दाखविले. सामग्री पुष्कळ हाताळता येते म्हणून तिच्या विस्ताराचा मोह पडतो आणि सूक्ष्मता हरपते. संशोधक आणि सामग्री यांच्यातील नाते जड वस्तूसारखे भासू लागते, म्हणजे आपणच लावलेला संकेत सामग्रीतच मुळात होता असे वाटू लागते. आणि संशोधक प्रत्यक्ष सामग्रीपासून दूर जातो. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी प्रबंध वाचताना या तिन्ही धोक्यांचा प्रत्यय येतो.

१९९६ साली ॲमंडा कॉफी, बेव्हर्ली होलब्रुक आणि पॉल ॲटकिन्सन यांनी याहून व्यापक आक्षेप मांडला. ग्लेझर व स्ट्राउस यांनी १९६७ मध्ये प्रतिपादिलेल्या सामग्री-आधारित सिद्धान्तरचनेशी या आज्ञावलींचे इतके साटेलोटे झाले आहे की, गुणात्मक संशोधनाच्या अनेक वाटा एकाच वाटेत मिसळून एक नवी सनातनी पद्धती निर्माण होईल, अशी भीती त्यांनी व्यक्त केली. त्याच वर्षी रेमंड ली व नायजेल फील्डिंग यांनी तिला उत्तर दिले. आज्ञावली वापरणारे सारेच संशोधक त्या एका पद्धतीचे अनुयायी नसतात. प्रत्यक्ष वापर पुष्कळच विविध असतो, असे त्यांचे म्हणणे होते.

या वादात आमचा कौल निर्विवादपणे कोणत्याही एका बाजूस पडत नाही. ली व फील्डिंग यांचे म्हणणे वस्तुस्थितीस धरून आहे. साधन पद्धती लादतेच असे नाही. परंतु ज्याने पद्धती आधी ठरविलेली नाही, त्याच्यावर साधन स्वतःची सवय निश्चितपणे लादते. आज्ञावली उघडताच डाव्या हातास संकेतांची रिकामी यादी दिसते, आणि ती भरणे म्हणजेच संशोधन, अशी नवशिक्याची धारणा होते. कॉफी प्रभृतींची भीती अनुभवी संशोधकाच्या बाबतीत अतिरंजित ठरते. विद्यार्थ्याच्या बाबतीत ती खरी आहे. आणि विद्यापीठातील विभागास काळजी वाहावयाची ती विद्यार्थ्याचीच.

४

वरील वाद इंग्रजीत झाला, आणि इंग्रजी मुलाखती गृहीत धरून झाला. आपल्यापुढे त्याहून निकडीचा असा भाषेचा प्रश्न आहे. उदाहरणासाठी मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलाखती घेऊ. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून हंगामात पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या या कुटुंबांवर आपल्याकडे बरेच संशोधन होते, आणि त्यांच्या बोलण्यातील काही शब्दांवर सारा विषय तोललेला असतो.

'कोयता' हा शब्द पाहा. तो हत्याराचे नाव आहे. पण टोळीच्या हिशेबात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मजूर हा 'अर्धा कोयता' होय. इंग्रजी भाषांतरात एके ठिकाणी हत्याराचा शब्द येतो, दुसऱ्या ठिकाणी दांपत्याचा. आणि बाईच्या श्रमास स्वतंत्र मोजमाप नाही, ही जी गोष्ट एकट्या 'कोयता' या शब्दात सामावलेली होती, ती दोन्हींतून निसटते. 'उचल' या शब्दाचेही तसेच. मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेल्या या रकमेस 'आगाऊ मजुरी' म्हटले तर तो एक करार ठरतो; 'कर्ज' म्हटले तर ते बंधन ठरते. अभ्यासकांमधील मुख्य वाद नेमका हाच आहे. विद्यार्थ्याने मुलाखत इंग्रजीत उतरविताना यांपैकी एक शब्द निवडला, की प्रबंधाचा निष्कर्ष विश्लेषणाआधीच, आणि विद्यार्थ्याच्या नकळत, ठरून जातो. 'खाडा' या शब्दात बुडालेला दिवस आहे आणि त्यापायी बसणारा दंडही आहे; 'गैरहजेरी' या संकेताखाली त्यातला दंड दिसेनासा होतो.

असे असता विद्यार्थी मुलाखती इंग्रजीत का उतरवितात? मार्गदर्शकाचा आग्रह किंवा प्रबंधाची भाषा ही कारणे असतातच. पण "आज्ञावलीत मराठी नीट चालत नाही" हे कारण वारंवार ऐकू येते. त्याची छाननी केली पाहिजे, कारण ते अर्धेच खरे आहे. युनिकोडमध्ये टंकित केलेला देवनागरी मजकूर आजच्या प्रमुख आज्ञावलींत वाचता येतो आणि त्यावर संकेतही लावता येतात. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत केलेली प्रत मात्र यंत्राच्या दृष्टीने मराठी नसतेच. ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, मूळ प्रतीशी ताडून घ्यावी लागते.

खरी अडचण शोधाची आणि मोजणीची आहे. 'कोयता' असा शोध घातला असता 'कोयत्याला', 'कोयत्यांची', 'कोयते' ही रूपे हाती लागत नाहीत. 'कोयत' एवढाच अंश घालून पुढील भाग मोकळा सोडावा लागतो. एका शब्दाची सर्व रूपे एकत्र मोजण्याची जी सोय इंग्रजीसाठी असते, ती मराठीसाठी असेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून शब्दवारंवारितेच्या तक्त्यात एकच शब्द दहा तुकड्यांत विभागलेला दिसतो. उलट 'उचल' असा शोध घातला, तर 'उचल घेतली' आणि 'मोळी उचलली' ही दोन्ही वाक्ये एकत्र येतात; यंत्रास रक्कम आणि क्रिया यांतील भेद कळत नाही. याहून फसवी गोष्ट 'ऱ्या', 'ऱ्हा' या अक्षरांची. 'बिऱ्हाड' हा शब्द टंकलेखनाच्या दोन रीतींनी पडद्यावर अगदी सारखा उमटतो. पण यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरमालिका असते. निम्म्या मुलाखती एकाने आणि निम्म्या दुसऱ्याने टंकित केल्या असल्या, तर शोधात निम्मी बिऱ्हाडे सापडतच नाहीत, आणि ती राहून गेली हे कळण्यास मार्गही नसतो.

बोलीचा प्रश्न याच्याही पलीकडचा आहे. 'नाही', 'न्हाई' आणि 'नाय' यांपैकी जे ऐकले ते लिहावे, की सर्वत्र प्रमाण रूप करावे? शोधाची सोय प्रमाणीकरणाकडे ओढते, आणि कथन करणाऱ्या व्यक्तीची ओळख बोलीत असते. आमच्या मते मूळ प्रत बोलीतच ठेवावी, आणि शोधाची गरज संकेतांनी भागवावी. सामग्री-आधारित सिद्धान्तरचनेच्या परंपरेत कथनकर्त्याच्याच तोंडचा शब्द संकेत म्हणून स्वीकारण्याची रीत आहे. तिला 'इन् व्हिवो' संकेतन म्हणतात, आणि बहुतेक आज्ञावलींत त्याची स्वतंत्र सोय असते. 'उचल', 'खाडा', 'कोयता' हे मराठी शब्दच संकेत म्हणून घेतले, तर अर्थनिश्चिती पुढे ढकलता येते, आणि वादाच्या दोन्ही बाजू अखेरपर्यंत सामग्रीत जिवंत राहतात. भाषांतरावर संकेतन करणाऱ्यास ही सोय असून नसल्यासारखी होय. कारण त्याच्यापुढील शब्द कथनकर्त्याचे नसून त्याचे स्वतःचे असतात.

५

भाषेनंतर पद्धतीचा विचार. विषयसूत्रांच्या शोधासाठी संकेतन व संकलन ही जोडी उपयुक्त असते, हे निर्विवाद. तेथेही एक दक्षता हवी. दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे लावलेल्या संकेतांचा मेळ किती बसतो, याचा 'काप्पा' हा निर्देशांक काही आज्ञावली क्षणार्धात काढून देतात, आणि मग तो प्रबंधात शोभेसाठी येतो. आधी निश्चित केलेल्या संकेतसूचीने अनेकांनी मिळून काम केले असेल, तर या आकड्यास अर्थ आहे. परंतु व्हर्जिनिया ब्राउन व व्हिक्टोरिया क्लार्क यांच्या चिंतनशील विषयसूत्र-विश्लेषणाचा हवाला द्यावयाचा आणि सोबत काप्पाही छापावयाचा, हा अंतर्विरोध होय. त्या दोघींनी अशा मेळास आपल्या पद्धतीचा निकष मानण्यास स्पष्ट विरोध केला आहे.

कथनाचा अभ्यास करणाऱ्यास मात्र हेच संकेतन मारक ठरू शकते. एखाद्या बाईने पहिल्या हंगामापासून आजपर्यंतची हकिकत सलग सांगितली असेल, तर तिचा अर्थ प्रसंगांच्या क्रमात, पुनरुक्तीत, आणि काय आधी व काय शेवटी सांगितले यात असतो. त्या हकिकतीचे चाळीस उतारे करून ते चाळीस संकेतांखाली वाटले, की हकिकत नाहीशी होते. अशा अभ्यासास संपूर्ण मुलाखत एकसंध ठेवून समासात टिपणे करण्याची सोय पुरेशी आहे. संभाषणाच्या बारकाव्यांचा, म्हणजे विराम, एकाच वेळी बोलणे, स्वरातील चढउतार यांचा अभ्यास करावयाचा असेल, तर मजकूर ध्वनीशी क्षणाक्षणाने जोडणारे साधन लागते. नायमेखन येथील माक्स प्लांक संस्थेत घडविलेले 'ईलान' हे त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहे. तीन पद्धतींस तीन वेगळी साधने सोयीची पडतात. म्हणूनच 'सर्वोत्तम आज्ञावली कोणती?' या प्रश्नास पद्धती सांगितल्यावाचून उत्तर नाही.

प्रमाणाचाही विचार हवा. बारा-पंधरा मुलाखतींच्या प्रबंधिकेस साधा लेखन-संपादक आणि एक तक्ता पुरतो. तेथे महागडी आज्ञावली शिकण्यात जाणारा महिना वाचनात घालविणे अधिक फलदायी होईल. याहून थोडे अधिक हवे असल्यास 'टॅगेट' ही विनामूल्य व अतिशय साधी आज्ञावली केवळ मजकुरासाठी चांगली आहे. 'क्वालकोडर' ही तशीच विनामूल्य असून तीत चित्र, ध्वनी व चलचित्र यांवरही संकेत लावता येतात. सशुल्क आज्ञावलींचे खरे मोल मोठ्या सामग्रीत दिसते. गाव, जात, वय, हंगामांची संख्या अशा माहितीनुसार संकेतांची तुलना करावयाची असते, किंवा चार-पाच संशोधक एकाच प्रकल्पावर राबत असतात, तेथे त्यांवरील खर्च समर्थनीय ठरतो.

६

आता ताब्याचा प्रश्न. आज्ञावली निवडताना आपण त्या सामग्रीचा ताबा कोणाकडे देतो आहोत, हे क्वचितच विचारात घेतले जाते. विद्यापीठाचा परवाना विद्यार्थी असेतोपर्यंतच असतो. पदवी मिळाल्यावर, पाच वर्षांनी तीच सामग्री पुन्हा वाचावीशी वाटली, तर प्रकल्पाची संचिका उघडेल काय? नव्या आवृत्तीत केलेले काम जुन्या आवृत्तीत उघडत नाही, हा सर्वसाधारण अनुभव आहे. या अडचणीवर २०१९ साली 'रेफी-क्यूडीए' हे सामायिक मानक सिद्ध झाले. त्या स्वरूपात बाहेर काढलेला प्रकल्प प्रमुख आज्ञावलींत, तसेच क्वालकोडरमध्ये, उघडता येतो. स्थलांतरात काही बारीकसारीक गोष्टी गळतात. परंतु मजकूर व संकेत टिकतात. ज्या साधनातून बाहेर पडण्याची अशी वाट नाही, ते कितीही आकर्षक असले तरी प्रबंधासाठी घेऊ नये. आणि सामग्री केवळ सेवादात्याच्या दूरस्थ संगणकावर ठेवण्यातील धोकाही काल्पनिक नाही : २०१४ साली अशा एका सेवेतील बिघाडामुळे अनेक संशोधकांचे कित्येक दिवसांचे संकेतन नष्ट झाले.

दूरस्थ संगणकाचा दुसरा पैलू अधिक गंभीर आहे. २०२३ पासून ॲटलास-टीआय, मॅक्सक्यूडीए इत्यादिकांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे सारांश व संकेत सुचविण्याच्या सोयी आल्या आहेत. त्या वापरताना मुलाखतीचा मजकूर संशोधकाच्या संगणकाबाहेर जातो. ज्या बाईने मुकादमाविषयी बोलण्याचे धाडस केले, ती हंगाम संपल्यावर बहुधा त्याच्याच परिसरात परतणार असते, आणि पुढील उचलही कदाचित त्याच्याकडूनच घेणार असते. "हे तुमच्या-माझ्यातच राहील" असे सांगून ध्वनिमुद्रण केले असेल, तर तो शब्द पाळण्याची जबाबदारी संशोधकाची आहे. सेवादात्याच्या अटींत ती हस्तांतरित होत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम संशोधनास काही सवलती देतो. पण कायद्याची सवलत आणि दिलेला शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावे-गावे बदलल्याखेरीज, आणि संमती घेताना तसे स्पष्ट सांगितल्याखेरीज, अशी सोय वापरू नये असे आमचे मत आहे. शिवाय सायडेल यांनी दाखविलेला तिसरा धोका, म्हणजे सामग्रीपासून दुरावणे, येथे पूर्णत्वास जातो. मुलाखत न वाचताच तिचे संकेत हाती येतात.

७

या विवेचनावरून निवडीची एक रीत सुचविता येईल. आज्ञावलीचा विचार करण्यापूर्वी आपल्याच तीन मुलाखती निवडाव्यात : एक सर्वांत लांब, एक बोलीने सर्वांत गजबजलेली, आणि एक जिच्यात कथनकर्ता फारसे बोललेलाच नाही. त्या प्रथम कागदावर, पेन्सिलीने वाचाव्यात. आपण काय अधोरेखित करतो, कोठे थांबतो, पुन्हा पुन्हा कोणत्या पानाकडे जातो, हे पाहावे; आपली पद्धती प्रत्यक्षात कोणती आहे ते त्यावरून कळेल. नंतर त्याच तीन मुलाखती दोन आज्ञावलींच्या चाचणी-प्रतींत घालून एक आठवडा काम करावे, आणि पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. देवनागरी मजकूर दिसण्यात, शोधण्यात आणि बाहेर काढलेल्या अहवालात अभंग राहतो काय? मराठी शब्द संकेत म्हणून घेता येतो काय? संकेताखालील उताऱ्यावरून एका टिचकीसरशी मूळ मुलाखतीतील जागी, मागच्यापुढच्या संवादासह, परतता येते काय? टिपणे तारखेसह टिकतात काय? आणि सारा प्रकल्प सामायिक मानकात किंवा निदान साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येतो काय? ही उत्तरे हाती आल्यावर किंमत, मित्राची शिफारस, विभागात परवाना आहे की नाही, हे व्यावहारिक मुद्दे खुशाल विचारात घ्यावेत.

हीच उत्तरे मग प्रबंधातही यावीत. "अमुक आज्ञावलीच्या साहाय्याने विश्लेषण केले" या वाक्याऐवजी विद्यार्थ्याने असे लिहावे की, मुलाखती अमुक बोलीत जशाच्या तशा उतरविल्या. संकेत मराठीतच ठेवले. प्रथम इतके संकेत होते, ते पुढे इतके झाले, आणि अमुक दोन संकेत अमुक कारणासाठी एकत्र केले. आज्ञावलीचा उपयोग केवळ संकलन व तुलना यांसाठी केला. असे अर्धे पान वाचून परीक्षकास संशोधकाच्या निर्णयांची परीक्षा करता येते. परीक्षकांनीही ते मागितले पाहिजे. कारण मागणी नसेल तर विद्यार्थी ते लिहिणार नाहीत.

एवढे श्रम कशासाठी, असे कोणी विचारील. मुलाखत देणाऱ्याने आपला वेळ दिलेला असतो आणि बहुधा काही जोखीमही पत्करलेली असते. त्याने 'उचल' म्हटले असेल, तर प्रबंधाच्या अखेरच्या पानापर्यंत तो शब्द त्याच्याच अर्थाने पोहोचला पाहिजे. जी आज्ञावली या कामात आड येत नाही ती आपल्यापुरती योग्य समजावी. आणि अशी एकही न आढळल्यास कागद, पेन्सिल व कात्री यांनीही हे काम पूर्वी झालेले आहे, याचे स्मरण ठेवावे.